पेशंटची उजवी बाजू

१२ ऑगस्ट

आत्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र बाजूला टाकलंस तरी चालेल. संध्याकाळपर्यंत तू ते उघडणार आहेस. अर्धवट भरलेली दाढ आणि न फोडलेलं पाकीट या दोन गोष्टी तुला स्वस्थ बसू देत नाहीत, हे मी तुझ्या घरात राहून शिकले आहे. फोनही दोनदा केला होता. दोन्ही वेळा "पेशंट आहे" म्हणालीस आणि ठेवून दिलास. रविवारी सकाळी कोणता पेशंट ग? म्हणून पत्र. पत्राच्या आड पेशंट येत नाही.

मी ठीक आहे. कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या दुकानाच्या वर खोली मिळाली आहे. खालून दिवसभर वाफ येते, त्यामुळे माझी पुस्तकं जराशी फुगली आहेत, अभ्यास न करताच वजनदार दिसतात. खोलीत आणखी एक मुलगी राहते, नर्सिंगच्या परीक्षेची तयारी करते. ती सगळं मोठ्याने म्हणून पाठ करते म्हणून मी तिला घोकू म्हणते. मला नाव ठेवायला तिला अजून वेळ मिळालेला नाही.

आता मुद्दा. मी पुन्हा परीक्षेला बसते आहे. दातांच्या कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेला माणसाला दोनदाच बसता येतं, त्यातली एक वेळ मी गेल्या वर्षी घालवली, हे तुला माझ्यापेक्षा पक्कं पाठ आहे. ही दुसरी. हीही गेली तर दार बंद. मग आयुष्यभर मला लोकांचे दात ते हसतील तेव्हाच बघायला मिळतील. तसं होणार नाही. यंदा माझी जागा नक्की आहे, फक्त कॉलेजला अजून कळलेलं नाही.

"तुझा हात दातांचा नाही, दुसरं काहीतरी बघ," असं तू म्हणालीस तेव्हा खुर्चीत बँकेतले काका आडवे होते, अर्धा जबडा बधिर आणि तोंड सताड उघडं. त्यांना मध्ये पडून काहीतरी बोलायचं होतं, डोळ्यांवरून कळत होतं, पण बिचाऱ्यांना "आ" च्या पलीकडे जाता येईना. मी निघून गेले ते तू सगळ्यांना सांगितलंस म्हणे. जाताना लाळ ओढायची नळी जागेवर अडकवून, हात धुऊन, हातमोजे डब्यात टाकून गेले, तेही सांगितलंस का? रागातसुद्धा तुझं वळण सुटलं नाही.

बाबांच्या फिरतीच्या नोकरीमुळे त्यांनी मला सातवीत तुझ्याकडे आणून सोडलं. त्या दिवसापासून शाळेतून आले की दप्तर टाकून मी तुझ्या समोरच्या स्टुलावर. तू पेशंटच्या उजव्या बाजूला, मी डाव्या. आरसा धर, कापूस दे, नळी सरकव. इतकी वर्षं ज्या हातांनी तुला सगळं हवं तसं मिळालं, ते हात एका निकालाने नालायक कसे ठरले, हे मला अजून समजलेलं नाही. डावरी आहे म्हणून? तो माझा दोष नव्हे, ती माझी बाजू आहे.

खांद्याला शेक घेत जा. उत्तर पाठवायची सक्ती नाही.

तुझी चिमटी

६ सप्टेंबर

आत्या,

उत्तर आलं नाही. सक्ती नाही म्हटलं ते तू लगेच ऐकलंस. एरवी माझं एक ऐकत नाहीस.

अभ्यास झकास चालला आहे. जीवशास्त्र म्हणजे डाव्या हातचा मळ. रसायनशास्त्र आणि मी सध्या एकमेकांना अहो-जाहो करतो, पण ओळख वाढते आहे. सर्वांत मजा आकारांच्या पेपरात. पाच कोन काढलेले असतात, त्यांतला सर्वांत लहान ओळखायचा, मोजपट्टी न लावता. घोकू डोळे बारीक करून बघते, डोकं तिरकं करते, शेवटी दैवावर हवाला टाकते. मला काही करावंच लागत नाही. तुझ्याकडे दारातून पेशंट हसत आत आला की सुळा किती कलला आहे ते त्याने चपला काढेपर्यंत मला कळायचं. नंतर तू मोजायचीस आणि मान हलवायचीस. तेव्हा कौतुक केलं असतंस तर काय बिघडलं असतं?

शेवटचा भाग कोरीव कामाचा. मेणाचा ठोकळा देतात, सुरी देतात, चित्र देतात. चित्रात असेल तसा आकार वेळेत कोरून द्यायचा. हा विषय शिकवणारे सर पूर्वी कवळ्या करायचे. आम्ही त्यांना मेणसर म्हणतो. बोलताना ते समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत नाहीत, दातांकडे बघतात. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "खालचे पुढचे दोन जरा दाटीवाटीने बसलेत, नाही?" मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. मग वाईट वाटलं. मग मी ते झटकलं आणि सुरी हातात घेतली.

काल सराव परीक्षा झाली. कोरीव कामात सरांनी माझा ठोकळा हातात धरून अख्ख्या वर्गाला फिरवून दाखवला. एवढंच सांगते. जास्त सांगितलं तर म्हणशील, चढली.

बाबा सांगत होते, तू मदतीला कुणी ठेवलेलं नाहीस. एकटीने आरसाही धरायचा आणि कामही करायचं हे चांगलं नाही. कुणीतरी ठेव. माझ्याइतकं चांगलं मिळणार नाही, पण ठेव.

चिमटी

२८ सप्टेंबर

आत्या,

त्या ठोकळ्याचं राहिलेलं सांगते. सरांनी तो सगळ्यांना दाखवला हे खरंच आहे, फक्त पुढचं वाक्य मी गिळलं होतं. सर म्हणाले, "यापेक्षा सुबक काम या वर्गात झालेलं नाही. आणि याला शून्य."

चित्रात खाच उजवीकडे होती, उतार डावीकडे. माझ्या ठोकळ्यावर खाच डावीकडे आणि उतार उजवीकडे, आणि दोन्ही इतके रेखीव की कुठे नाव ठेवायला जागा नाही. सरांनी विचारलं, "आरशात बघून कोरलंस का ग?" वर्ग हसला. माझी दातखीळ बसली. तू म्हणशील, एवढं एकच चांगलं झालं.

त्यांनी दुसरं चित्र दिलं. पुन्हा उलटं. तिसरं दिलं, मी तोंडाने "उजवीकडे, उजवीकडे" म्हणत कोरलं आणि पुन्हा उलटं. सर डोकं खाजवायला लागले. आत्या, त्या आठवड्यात पहिल्यांदा मला वाटलं की तू बोललीस ते खरं असेल. जेवण जाईना. घोकूने तिचं घोकणं बंद ठेवलं, यावरून माझा चेहरा कसा झाला असेल ते समज.

आणि अडलेलं सोडवलंही तिनेच. चित्र भिंतीला चिकटवलं, मला समोर उभं केलं आणि म्हणाली, "मला याची उजवी बाजू दाखव." मी बोट ठेवलं. ती म्हणाली, "ही डावी." मी म्हटलं, "वेडी आहेस का, ही त्याची उजवी." ती म्हणाली, "त्याची म्हणजे कुणाची? कागद आहे तो."

कळलं ना तुला? लोकांना समजावून सांगावं लागतं, तुला नाही. तुझ्या दवाखान्यात उजवं म्हणजे नेहमी पेशंटचं उजवं. तो आपल्याकडे तोंड करून असतो, म्हणून ते आपल्या डाव्या हाताला. भिंतीवरच्या दातांच्या तक्त्यातही उजव्या दाढा कागदाच्या डाव्या अंगाला काढलेल्या. तू म्हणायचीस "उजवी वरची मागची" आणि माझा हात विचार न करता तिकडे जायचा. सातवीपासून मी असंच बघत आले. त्या खोलीत माझी स्वतःची उजवी बाजू कधी नव्हतीच. परीक्षेचं चित्र समोर आलं की मी त्याला खुर्चीत बसवते, तोंड माझ्याकडे करते, आणि त्याची उजवी बाजू शोधते; ठोकळा मात्र माझ्या हातात, त्यावर तीच बाजू माझ्या उजव्या हाताला कोरते. वर्गात दुसऱ्या कुणाची ही चूक होत नाही, कारण ती बिचारी दवाखान्यात वाढलेली नाहीत.

मेणसरांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीत मागे रेलून पोट धरून हसले. म्हणाले, "तीस वर्षं कवळ्या केल्या, पण असा रोग पाहिला नाही. रोग्याचं नाव काय लिहू, डॉक्टर?"

आता गेल्या वर्षीचं बघ. निकालात गुण आले, कारण आलं नाही. लेखी उत्तम, कोरीव काम भोपळा. तू तो कागद वाचलास, घडी घातलीस आणि खापर माझ्या हातावर फोडलंस. मीही तेच मानलं. हात बिचारा निर्दोष होता आत्या. डोळा तुझ्या दवाखान्यात तयार झालेला होता.

आता उपाय चालू आहे. चित्राला पेशंट समजायचं नाही. तो कागद आहे, त्याला दात नाहीत. दहातले आठ ठोकळे आता सुलट येतात. उरलेले दोन मी सुधारीन.

चिमटी

१९ ऑक्टोबर

आत्या,

काल बाबांचा फोन आला होता. आधी इकडचं तिकडचं. मग म्हणाले, "हात काय म्हणतो तुझा?" बाबांनी माझ्या हाताची चौकशी या जन्मात केलेली नाही. मी म्हटलं, "आत्याने विचारायला सांगितलं ना?" ते माझ्या जेवणाखाणाबद्दल विचारायला लागले. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय तुम्हा भावंडांना कुणी लावली?

मग मी भडकले. म्हटलं, तिला एवढी काळजी आहे तर माझ्या डाव्या हाताशी तिचं वैर का आहे? लहानपणापासून माझ्या हातातला चिमटा काढून उजव्या हातात देणारी तीच. "तो हात बदल" हे मी तिच्या तोंडून जितक्यांदा ऐकलं तितक्यांदा माझं नावसुद्धा ऐकलं नाही.

बाबा म्हणाले, "अगं, तिचाही डावाच होता की."

असं, सहज. पाऊस पडला म्हणावं तसं. म्हणाले, "माझ्या पेन्सिलींना ती डाव्या हाताने अशी टोकं काढून द्यायची की वर्गात भांडणं व्हायची. दातांच्या कॉलेजात गेली आणि उजवी होऊन आली. तुला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. तुझ्या समोर इतकी वर्षं बसले, तुझ्या दोन्ही हातांकडे बघण्यापलीकडे मला काम नव्हतं, आणि मला माहीत नव्हतं. आता एकेक आठवतंय. ट्रेवरून काही घसरलं की ते तू डाव्या हाताने झेलतेस. सुईत दोरा डाव्या हाताने ओवतेस. दुपारच्या पेशंटनंतर बाकावर आडवी होऊन उजव्या खांद्याखाली गरम पिशवी घेतेस आणि मला सांगतेस, वय झालं. तेव्हा तू चाळिशीचीसुद्धा नव्हतीस.

मी रागावले आहे. कुणावर ते अजून ठरलेलं नाही. तू मला का सांगितलं नाहीस? "तुझा हात दातांचा नाही" म्हणताना तू कोणाच्या हाताबद्दल बोलत होतीस?

या पत्राला उत्तर हवं आहे. या वेळी सक्ती आहे.

चिमटी

५ नोव्हेंबर

आत्या,

तुझं पत्र मिळालं. घोकूने ते आधी वाचायला मागितलं, मी दिलं नाही. मग मी ते तिला वाचून दाखवलं, म्हणजे तेच झालं. इथे पुन्हा उतरवते, कारण मला एकेका वाक्याला उत्तर द्यायचं आहे आणि तू नंतर "मी असं म्हटलंच नव्हतं" म्हणायला मोकळी नको.

"ठोकळ्याचं कळलं. कारण सापडलं हे बरं झालं. हाताबद्दल बोलले ते मी मागे घेत नाही. मीही डावा हात घेऊनच त्याच कॉलेजात गेले होते. खुर्ची उजव्यांची, ट्रे उजव्यांचा, पायाखालचं पेडलसुद्धा उजव्यांच्या सोयीचं. सरांनी सांगितलं, हात बदल नाहीतर कॉलेज बदल. मी हात बदलला. पहिल्या वर्षी माझ्या उजव्या हाताने किती जणांची हिरडी विनाकारण रक्ताळली ते मला आठवायचं नाही. एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले होते, जाऊ दे पोरी, होतं असं. ते मी विसरलेले नाही. खांद्याचं तू पाहतेस. डाव्या हाताला तिथे जागा नाही. तुला मी बाजूला घेऊन सांगायला हवं होतं ते चारचौघांत टोचून सांगितलं, तेवढं चुकलं. जेवत जा."

पहिलं उत्तर: जेवते आहे.

दुसरं: चारचौघांत नव्हे, बँकेतल्या एका काकांसमोर, आणि ते अर्धे बधिर होते. तेव्हा ते सोडून दे. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

तिसरं जरा मोठं आहे. मला वाटायचं, तू मला कमी लेखतेस. त्या रागावर मी इथपर्यंत आले, चांगलं इंधन होतं. तुझं पत्र वाचल्यावर ते संपलं. दोन दिवस मला अभ्यासच होईना, कारण कुणाला दाखवून द्यायचं आहे तेच कळेना. तिसऱ्या दिवशी सकाळी मेणाचा ठोकळा घेऊन बसले आणि कुणालाही काहीही दाखवायचं नसताना कोरला. सुंदर झाला. म्हणजे मला हे काम आवडतं, आत्या. तुझ्यावर रुसून नव्हे, तुझ्यामुळेही नव्हे. मला दात आवडतात. काही लोकांना फुलं आवडतात, तसं.

म्हणून मी हात बदलणार नाही. कॉलेजही बदलणार नाही. तिथे जागा नसेल तर आत गेल्यावर करून घेईन. तुला कुणी साथ द्यायला नव्हतं. मला तू आहेस, तुझी इच्छा असो वा नसो.

आणि "पोरी, होतं असं" म्हणणारे ते आजोबा शहाणे होते. त्यांचं ऐकायला हवं होतंस.

चिमटी

११ डिसेंबर

आत्या,

झाली परीक्षा.

लेखी चांगलं गेलं. रसायनशास्त्र आणि मी आता अगं-तुगंवर आलो आहोत. कोनांचा पेपर लवकर संपला म्हणून मी उरलेला वेळ पर्यवेक्षिकाबाईंचे दात बघत बसले. वरचा डावा सुळा नंतर बसवलेला आहे, काम बरं आहे, रंग थोडा चुकलाय.

कोरीव कामाला चित्र आलं ते असं की जणू मला खिजवायलाच काढलेलं. उजव्या अंगाला दोन पायऱ्या, डाव्या अंगाला तिरका काप, मधे खोलगट वाटी. उलटायला एकदम सोयीचं. मी सुरी उचलली आणि खाली ठेवली. माझा डोळा त्या चित्राला हळूच खुर्चीत बसवत होता, मला जाणवत होतं. आजूबाजूला सगळ्यांची मेणाची सालं पडायला लागली. मी चित्र उचलून मेजावर सपाट ठेवलं, त्याच्या खालच्या कडेला लागून ठोकळा ठेवला, आणि माझं उजवं कोपर त्याच्या उजव्या कडेला टेकवलं. ही माझी उजवी, मी मनात म्हटलं, आणि इथे पेशंट कुणी नाही. मग कोपर हलवलं नाही. शेवटपर्यंत.

बाई फिरत फिरत आल्या आणि थांबल्या. "डाव्या हाताने?"

"हो," मी म्हटलं. "उजवा सोबतीला आणलाय."

त्या हसल्या नाहीत. पण सुळ्याची बाजू जराशी दिसली.

ठोकळा देताना मी तो चित्राशी ताडून पाहिला नाही. भीती वाटली असं समज, किंवा खात्री होती असं समज. दोन्ही होतं. पायऱ्या कोपराच्या बाजूला होत्या, एवढं मला आठवतं.

निकालाला अवकाश आहे. तोवर मी खालच्या दुकानात इस्त्रीला मदत करते आहे. डाव्या हाताने केलेल्या कॉलरी दुकानदाराला जास्त पसंत पडल्यात. तुझ्या दवाखान्यात आता एक मुलगी येते म्हणे मदतीला. बाबा म्हणाले, तू तिला "चिमटी" म्हणून हाक मारलीस आणि मग दिवसभर कुणाशी बोलली नाहीस. बोल तिच्याशी. तिचा काय दोष.

चिमटी (मूळची)

२० फेब्रुवारी

आत्या,

बाबांनी तुला आधीच सांगितलं असणार, त्यांच्या पोटात काही राहत नाही. तरी माझ्या तोंडून ऐक. मला प्रवेश मिळाला. कोरीव कामात पैकीच्या पैकी मिळवणारे फार थोडे आहेत आणि त्यांत मी आहे. घोकूने खाली दुकानात जाऊन सगळ्यांना ओरडून सांगितलं, तेव्हा इस्त्री करणाऱ्याने कुणाचा तरी सदरा जाळला.

पण पत्र लिहायला आठ दिवस लागले ते वेगळ्या कारणाने.

गेल्या आठवड्यात कॉलेजात कागदपत्रं द्यायला गेले होते. नंतर त्यांनी आम्हा नव्या मुलांना सगळं दाखवलं. वरच्या मजल्यावर एक लांबलचक दालन आहे, जिथे पुढे पेशंटवर काम करायचं. ओळीने खुर्च्या, प्रत्येकीचा ट्रे, दिवा, पेडल. सगळं पेशंटच्या उजव्या अंगाला. पहिली खुर्ची उजवी, दुसरी उजवी, भिंतीपर्यंत. आत्या, इतके महिने तुला एवढ्या मोठ्या गप्पा मारल्या आणि ती ओळ बघून मला फक्त तुझं पत्र दिसत होतं. त्या ओळीत कुठेतरी तू एकवीस वर्षांची उभी होतीस आणि कुणीतरी तुला सांगत होतं, हात बदल.

दालन सांभाळणाऱ्या एक बाई आहेत. मोठा किल्ल्यांचा जुडगा घेऊन फिरतात, चेहरा कायम कामात. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. आधीपासून जमवलेलं भाषण होतं, हक्क वगैरे शब्द असलेलं. तोंडातून एवढंच आलं, "बाई, मी डावरी आहे."

त्यांनी मान वर केली नाही. "बरं," म्हणाल्या. जवळच्या खुर्चीशी गेल्या, खालची एक कळ पायाने दाबली आणि ट्रे हाताने ओढला. ट्रे, दिवा, नळ्या, सगळं खुर्चीच्या डोक्यावरून फिरून पलीकडे गेलं. पेडल त्यांनी पायानेच सरकवलं. "दर वर्षी असतात दोघं-तिघं. स्टूल ओढ आणि बसून बघ, उंची जमते का."

मी बसले. पेशंटच्या डाव्या अंगाला. सातवीपासून जिथे बसत आले, अगदी त्याच बाजूला.

आणि मी रडले. बाईंना वाटलं, आनंदाने. त्यांनी कापसाचा बोळा दिला. आनंद नव्हता तो. इतकं सोपं होतं म्हणून रडले. एक कळ आणि एक ओढ. तुझ्यासाठी कुणी तेवढं केलं नाही, आणि तू इतकी वर्षं वाकडा खांदा घेऊन लोकांचे दात सरळ करत बसलीस, आणि मी समोर बसून आरसा धरत होते. मला तुझं फार वाईट वाटलं, आत्या. तुझा अभिमानही वाटला. चुकीच्या हाताने तू एवढं चांगलं काम करतेस तर बरोबर हाताने काय केलं असतंस.

तू म्हणालीस तिथे जागा नाही. तू खोटं बोलली नव्हतीस, तुझ्या वेळी नव्हती. आता आहे. मी बसून पाहिलं.

कॉलेज सुरू व्हायला अवकाश आहे. मी शनिवारी येते. "पेशंट आहे" म्हणू नकोस, मीच पेशंट आहे. माझी खालची मागची दाढ परीक्षेच्या आधीपासून ठणकते आहे. लवंगेवर आणि अभिमानावर दिवस काढले, कारण दातांच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलीने दुसऱ्या कुणाकडे दात दाखवायला जाणं मला पटेना, आणि तुझ्याकडे यायला तोंड नव्हतं. आता गालही सुजलाय.

तुझी खुर्ची जुनी आहे, तिचा ट्रे फिरत नाही, मला माहीत आहे. मदतीच्या मुलीला त्या दिवशी सुट्टी दे. ट्रे आपण दोघी उचलून पलीकडे एका स्टुलावर ठेवू. मग मी आडवी होते. तू माझ्या स्टुलावर बस, डाव्या बाजूला, आणि आरसा डाव्या हातात घे.

दाढ भरायची वेळ आली तर खुशाल उजव्या हाताने भर, मी काही एवढी शूर नाही. पण आधी डाव्या हाताने बघ. घाई करू नकोस. मी तोंड उघडून पडून राहीन आणि मध्ये एक शब्द बोलणार नाही.

तुझी,
चिमटी